मिक्सिडीमाजन्य मूर्च्छा : निदान आणि तातडीचा उपचार

अवटु (थायरॉइड) ग्रंथीच्या स्रावाच्या न्यूनतेवर उपाय सापडला, त्याला शतकाहून अधिक काळ लोटला आहे. १८९१ साली न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे ह्यांनी ४६ वर्षांच्या एका रुग्णेस मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून दिला. ती स्त्री त्यानंतर २८ वर्षे जगली आणि त्या अवधीत तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. आज तेच कार्य थायरॉक्सिनची एक लहानशी गोळी करते. असे असूनही ह्या विकाराची पराकोटीची अवस्था, म्हणजे मिक्सिडीमाजन्य मूर्च्छा, आजही घातक ठरते. चंदीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत आलेल्या २३ रुग्णांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली; त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले होते. औषध ज्ञात आहे, स्वस्त आहे, तरीही असे घडते. ह्याचे एक कारण रुग्णास जडलेला जंतुसंसर्गासारखा दुसरा आजार हे होय; परंतु दुसरे कारण निदानास होणारा विलंब हे आहे, आणि ते वैद्याच्या हातचे आहे.

ह्या विलंबास रोगाचे नावच काही अंशी जबाबदार आहे. ‘मूर्च्छा’ ह्या शब्दाने पूर्ण बेशुद्धीची अपेक्षा निर्माण होते. प्रत्यक्षात पुष्कळसे रुग्ण बेशुद्ध नसतात. ते गुंगीत असतात, असंबद्ध बोलतात, प्रश्नाचे उत्तर फार उशिरा देतात. क्वचित भ्रम आणि संशय हीच प्रमुख लक्षणे असतात. रिचर्ड ॲशर ह्यांनी १९४९ साली अशा रुग्णांचे वर्णन करून त्यांना मनोरुग्ण समजण्याच्या चुकीकडे लक्ष वेधले होते. मूर्च्छेची वाट पाहत राहणे म्हणजे उपचाराची वेळ दवडणे होय.

हा प्रसंग अकस्मात ओढवत नाही. थायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून गोळी बंद केलेला रुग्ण कित्येक आठवडे वरकरणी बरा दिसतो. चयापचय मंदावल्याने शरीरात उष्णता कमी उत्पन्न होते. तेव्हा त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आहे ती उष्णता राखली जाते. रक्ताचे आकारमान घटते, हृदयाची गती मंद होते, आणि ह्या काटकसरीच्या पायावर रुग्ण महिनोन्‌महिने तग धरतो. मग थंडीची लाट, फुप्फुसदाह, मूत्रमार्गाचा संसर्ग, एखादी शस्त्रक्रिया किंवा झोपेच्या औषधाची साधी मात्रा एवढ्यानेही हा तोल ढळतो. श्वसनकेंद्र आधीच मंद झालेले असते. कार्बन डाय-ऑक्साइड साचला तरी ते पुरेसा प्रतिसाद देत नाही. निरोगी माणसास केवळ झोप आणणारी मात्रा ह्या रुग्णाचा श्वास थांबवू शकते.

रुग्णशय्येपाशी पाहण्याच्या गोष्टी साध्या आहेत : सुजलेल्या पापण्या, जाड जीभ, कोरडी, थंड व किंचित पिवळसर त्वचा, बोटाने दाबल्यास खळगा न पडणारा शोफ, घोगरा आवाज, आणि घोट्याच्या प्रतिक्षेपानंतर स्नायू पूर्वस्थितीवर येण्यास लागणारा लक्षणीय विलंब. मानेवर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे काय, हे पदर किंवा मफलर बाजूस सारून पाहिलेच पाहिजे. किरणोत्सर्गी आयोडीन मात्र व्रण ठेवीत नाही. ते घेतल्याची चौकशी आप्तांकडेच करावी लागते. ‘वय झाले, म्हणून मंदावल्या’ हे घरच्यांचे उत्तर अशा वेळी पुरेसे मानू नये. तापमान मोजताना विशेष दक्षता हवी. नेहमीच्या पाऱ्याच्या तापमापकावर ९४ अंश फॅरनहाइटच्या खालच्या खुणाच नसतात; त्यामुळे शरीराचे तापमान खरोखर किती उतरले आहे ते कळतच नाही. शिवाय संसर्ग असूनही ताप चढत नाही. अशा गुंगीतील रुग्णाचे तापमान ‘प्राकृत’ आढळले, तर तेच संसर्गाचा संशय घेण्यास पुरेसे कारण होय.

रक्ततपासणीत थायरॉक्सिन अत्यल्प आणि टीएसएच पुष्कळ वाढलेले आढळले तर प्रश्न मिटतो. परंतु विकार पोष (पिट्युइटरी) ग्रंथीचा असल्यास टीएसएच वाढत नाही. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव होऊन पुढे दूध न आलेल्या स्त्रीत शीहान ह्यांनी १९३७ साली वर्णिलेला विकार असू शकतो. उलटपक्षी, अन्य कोणत्याही गंभीर आजारात थायरॉक्सिनचा आकडा उतरू शकतो. तेव्हा केवळ आकड्यावर विसंबता येत नाही. आणि अहवाल येईपर्यंत थांबणे तर मुळीच परवडत नाही. रक्ताचे नमुने घ्यावेत आणि उपचार त्याच क्षणी सुरू करावा.

उपचाराचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम हायड्रोकॉर्टिसोन द्यावे. सामान्यतः १०० मिलिग्रॅम शिरेतून, दर आठ तासांनी. रुग्णाच्या अधिवृक्क ग्रंथीही दुबळ्या असतील तर थायरॉक्सिनने कॉर्टिसोलचा क्षय वाढतो आणि रक्तदाब कोसळतो. ह्या ग्रंथी सुस्थितीत असल्याचे सिद्ध होईपर्यंत हे औषध थांबवू नये. त्यानंतर थायरॉक्सिन. शरीरातील रिकामा साठा एकदम भरून काढावा, ह्या विचाराने १९६४ साली हॉल्वी व सहकाऱ्यांनी ३०० ते ५०० मायक्रोग्रॅमची मात्रा शिरेतून दिली. पुढील अनुभवाने हात आखडता घ्यावा लागला, कारण दिवसाला ५०० मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक मात्रा मृत्यूशी निगडित आढळली. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१४ साली पहिली मात्रा २०० ते ४०० मायक्रोग्रॅम सुचविली. वृद्ध, कृश व हृद्‌रोगी रुग्णांस त्यातील खालचा आकडा. शिरेतून देण्याचे थायरॉक्सिन आपल्याकडे सर्वत्र मिळत नाही. परंतु त्यासाठी रुग्ण अडून राहण्याचे कारण नाही. चंदीगढच्या पाहणीत नाकातील नळीवाटे गोळ्यांची पूड देण्याने आणि शिरेतून औषध देण्याने आलेल्या परिणामांत फरक दिसला नाही. आतड्यांची हालचाल थंडावली असल्यास शोषण कमी होते, एवढे मात्र ध्यानी ठेवावे.

रुग्ण थंड पडलेला पाहून आप्त आणि कधी कधी परिचारकही गरम पाण्याच्या पिशव्या आणतात. हे टाळले पाहिजे. बाहेरून जोराने ऊब दिल्यास आकुंचित रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब खाली येतो. घोंगडी व उबदार खोली पुरे. रक्तातील सोडियम बहुधा उतरलेले असते, कारण मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. म्हणून शिरेतून नुसते ग्लुकोजचे पातळ द्रावण चालू ठेवणे धोक्याचे. कार्बन डाय-ऑक्साइड वाढत असल्यास कृत्रिम श्वसनाचा निर्णय लांबवू नये. संसर्ग नाही असे ठरेपर्यंत प्रतिजैविके द्यावीत. नाडी आणि तापमान ही प्रथम सुधारतात, बहुधा एक-दोन दिवसांत. टीएसएच उतरण्यास कित्येक आठवडे लागतात, तेव्हा त्या आकड्यासाठी रोजची मात्रा वाढवीत जाऊ नये.