कॅमेऱ्यासमोर अंग का चोरायचं? बूद्वार शूट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२६ जुलै २०२२ रोजी मुंबईच्या चेंबूर पोलीस ठाण्यात अभिनेता रणवीर सिंगवर गुन्हा दाखल झाला. ‘पेपर’ या अमेरिकी मासिकासाठी काढलेले त्याचे विवस्त्र फोटो, हे कारण. चेंबूरला लागूनच असलेल्या ट्रॉम्बे-मानखुर्दमध्येही त्याची चर्चा झाली आणि अनेकींच्या मनात एक समजूत घट्ट बसली : असले फोटो काढणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. लग्नाआधी, चाळिशीच्या वाढदिवसाला किंवा आजारातून उठल्यावर ‘एकदा स्वतःसाठी बूद्वार फोटो काढावेत’ असं वाटणाऱ्या बाया कमी नाहीत. पण ही भीती आणि ‘मला पोज देता येत नाही’ हा संकोच मिळून त्यांना दारातूनच परत फिरवतात. यातलं खरं किती, ते पाहू.

गैरसमज १ : बूद्वार म्हणजे कपडे काढून फोटो.

वस्तुस्थिती : बूद्वार म्हणजे खासगी दालनातले, निवांत, जवळिकीचे फोटो. कपडे किती, हे ठरवणार फोटोतली व्यक्ती. रेशमी गाऊन, नवऱ्याचा ढगळा शर्ट, ओले केस आणि सुती साडी, नुसती पाठ आणि अंबाड्यातला गजरा, सगळं यात बसतं. काय दाखवायचं नाही, याची यादी आधीच फोटोग्राफरला द्यायची. ऐन वेळी ‘अजून थोडं’ म्हणून आग्रह करणाऱ्याचं काम तिथंच थांबवायचं.

गैरसमज २ : हे पाश्चात्त्य फॅड, आपल्याकडे बायकांनी असं कधी केलं नाही.

वस्तुस्थिती : बायकांना परक्या पुरुषासमोर अवघडल्यासारखं होतं, हे आपल्याकडच्या छायाचित्रकारांनी फार पूर्वी ओळखलं होतं. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला फक्त स्त्रियांसाठी ‘जनाना स्टुडिओ’ उघडला आणि तो श्रीमती केनी-लेविक या महिला छायाचित्रकाराकडे सोपवला. ते फोटो बूद्वार नव्हते, पण सूत्र तेच : भिंतीआडची जागा आणि कॅमेऱ्यामागं बाई. आजही स्त्री फोटोग्राफर मागणं, मैत्रिणीला सोबत नेणं हा हट्ट मानू नका. तो तुमचा हक्क आहे.

गैरसमज ३ : माझा चेहराच फोटोजेनिक नाही.

वस्तुस्थिती : आपण स्वतःला आयुष्यभर आरशात पाहतो, म्हणजे उलट. कोणताच चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो, म्हणून फोटोतली सुलट प्रतिमा आपल्याला खटकते. १९७७ मध्ये मीटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी अमेरिकेत हे तपासलं : स्त्रियांना स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त आवडली, त्यांच्या मैत्रिणींना मात्र सुलट फोटो. आपल्याला खटकतो तोच चेहरा आपल्या माणसांना रोजचा आणि प्रिय असतो.

दुसरा दोष सेल्फीचा. सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जरीच्या एका नियतकालिकात मांडलं गेलं. फोनमधला चेहरा पाहून निकाल देऊ नका. चांगला फोटोग्राफर दोन पावलं मागं उभा राहतो.

गैरसमज ४ : आधी पाच किलो कमी करते, मग बघू.

वस्तुस्थिती : फोटोत वजनाहून जास्त दिसतो तो ताण : उचललेले खांदे, रोखलेला श्वास, आवळलेल्या मुठी. उपाय साधे आहेत. उभं राहताना भार मागच्या पायावर टाका. कोपर अंगाला चिकटवू नका, मध्ये थोडी फट ठेवा. हनुवटी किंचित पुढे काढून जराशी खाली घ्या. क्लिक श्वास सोडताना होऊ द्या. हातांना काम द्या : पदर सावरणं, कानातलं घालणं, केस मोकळे करणं. घट्ट इलॅस्टिकचे वळ लगेच जात नाहीत, म्हणून त्या दिवशी सैल कपड्यांत जा. खिडकीचा बाजूनं येणारा, पांढऱ्या पडद्यातून गाळलेला उजेड बहुतेक सगळ्यांना शोभतो.

सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं जवळजवळ सगळ्यांचीच वाया जातात. तो सरावाचा वेळ समजा. फोटोग्राफरला म्हणावं, ‘आधी तुम्ही करून दाखवा, मग मी करते.’ हसू येतं आणि हसताना खांदे आपोआप खाली येतात.

गैरसमज ५ : जागाच नाही, तर कसले फोटो!

वस्तुस्थिती : अडचण खरी आहे. ट्रॉम्बेतल्या चिता कॅम्पची एकच खोली किंवा कोळीवाड्यातलं भिंतीला भिंत लागलेलं घर, एकांत मिळणार कुठं? पण या फोटोंना मोठा महाल लागत नाही. एक खिडकी, स्वच्छ चादर आणि आतून कडी लागणारं दार पुरतं. मैत्रिणीचं रिकामं घर किंवा तासावर मिळणारा स्टुडिओ चालतो. हॉटेलची खोली घेतलीत तर शूटची परवानगी आधी विचारा. ट्रॉम्बेत मोकळ्यावर मात्र कॅमेरा जपून काढा : भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात छायाचित्रणाला मनाई आहे.

गैरसमज ६ : असे फोटो काढणं बेकायदा आहे.

वस्तुस्थिती : सज्ञान व्यक्तीनं स्वतःच्या मर्जीनं, स्वतःपुरते फोटो काढून घेणं हा गुन्हा नाही. कायदा मध्ये येतो तो अश्लील ठरणारा मजकूर पसरवल्यावर. रणवीरचं प्रकरणही प्रसिद्ध झालेल्या फोटोंवरून उभं राहिलं. त्यातही नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात स्पष्ट केलं. मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांच्यावर १९९५ च्या बुटांच्या जाहिरातीवरून खटला चालला. २००९ मध्ये ते निर्दोष सुटले. अठरा वर्षांखालील मुलामुलींचे असे फोटो मात्र कोणत्याही सबबीखाली नाहीत. तो गंभीर गुन्हा आहे.

गैरसमज ७ : एकदा होकार दिला की फोटो फोटोग्राफरचे.

वस्तुस्थिती : अगदी उलट. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार बाईनं फोटो काढायला संमती दिली, पण पसरवायला दिली नाही, तर पसरवणं हा गुन्हा आहे; पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई स्त्री-पुरुष दोघांनाही संरक्षण देतं. कॉपीराइट कायदा, १९५७ तर सांगतो की पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणूनच ‘पोर्टफोलिओसाठी फुकट काढतो’ या ऑफरपासून सावध राहा. पैसे दिले नाहीत तर ही मालकीही तुमच्याकडे येत नाही.

तेव्हा शूटआधी चार ओळी लिहून सही घ्या : फोटो कुठंही टाकायचे नाहीत, एडिटिंग कोण करणार, मूळ फाइल्स किती दिवसांनी पुसणार, खोलीत कोण कोण असणार. फोटो पेन ड्राइव्हवर घ्या. घरच्यांसोबत एकच खातं असेल तर फोनचा ऑटो बॅकअप बंद ठेवा. तरीही फोटो फुटलेच, तर गप्प बसू नका : पोलीस ठाण्यात किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. महिलांविषयीच्या अशा तक्रारी तिथं नाव न देताही करता येतात.

संकोच शरीर बदलून जात नाही, सूत्रं आपल्या हाती आली की जातो. करार, जागा, कपडे, सोबत हे सगळं तुम्ही ठरवलंत आणि तरी नको वाटलं, तर शूट मध्येच थांबवा. तेवढा अधिकार शेवटच्या क्लिकपर्यंत तुमचाच आहे.