बोरू, शाई आणि सब्र

यंदाच्या रमजानात मी रोज एक कागद रंगवतो आहे. शब्द एकच: 'सब्र', म्हणजे धीर. सहरी आणि फजरची नमाज झाली की कॉलेजला निघेपर्यंतचा तास त्यासाठी राखलेला.

नस्तालीक लिपीत अक्षराचं माप फूटपट्टीनं घेत नाहीत. कलमाच्या टोकानं टेकवलेला एक ठिपका म्हणजे नुक्ता. अलिफ साधारण तीन नुक्ते उंच. हे कलम म्हणजे आपला बोरूच. मराठी पोथ्या आणि मोडी दफ्तरंही बोरूनंच लिहिली गेली.

संगणक येईपर्यंत उर्दू दैनिकांची पानं कातिब हातानं लिहीत. माझे अब्बा त्यांपैकी एक. रोजा असो वा नसो, अंक वेळेवर जायचाच. आता त्यांची नजर अधू झाली आहे. इफ्तारच्या आधी ते माझा कागद डोळ्यांजवळ नेतात आणि एवढंच म्हणतात, "'रे' सावकाश उतरू दे, बेटा."

चंद्र दिसेल त्याप्रमाणे 29 किंवा 30 कागद होतील. ईदला शीरखुर्म्यासाठी येणाऱ्यांना ते वाटायचे आहेत. शेजारच्या काकूंनी मात्र आधीच बजावलंय, "मला देवनागरीत हवा." त्यांच्यासाठी बोरू तोच, फक्त सुरुवात डावीकडून.