घराजवळच्या पवनचक्कीचा आवाज : नियम काय, तक्रार कुठे?

सिन्नरहून ठाणगावमार्गे पट्टा किल्ल्याकडे गेलात, तर नाशिक-अहिल्यानगर सीमेवरच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या दिसतात. ट्रेकला आलेल्यांना त्यांचा फोटो हवा असतो. पण अशा पठारांवर, मळ्यात वस्ती करून राहणाऱ्यांना वेगळाच प्रश्न पडतो : रात्री हा आवाज किती असायला हवा?

आवाज मुख्यतः पात्यांच्या टोकांचा असतो. लांबून पाती संथ वाटतात, पण 100 मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला 15 फेरे घेत असेल, तर पात्याचे टोक ताशी सुमारे 280 किलोमीटर वेगाने हवा कापते. तीन पाती, म्हणजे मिनिटाला 45 वेळा ‘वूश्श’. ट्रकचा आवाज येतो आणि जातो. हा मात्र ठेक्यात येत राहतो, म्हणून कमी डेसिबलचा असूनही जास्त टोचतो. गिअरबॉक्सची घरघर किंवा शिट्टीसारखा सूर येत असेल, तर बहुधा यंत्राची देखभाल बाकी आहे.

रात्रीच त्रास का होतो? सूर्यास्तानंतर जमीन थंड होते, खालचा वारा पडतो, पण 80-100 मीटर उंचीवर तो जोरात वाहतच असतो. चक्र फिरते आणि तो आवाज झाकायला खाली झाडांची सळसळ नसते. त्यात एप्रिल-मेमध्ये वारा वाढतो आणि तेव्हाच माणसे अंगणात बाज टाकून झोपतात. बंद खिडक्यांच्या युरोपातले निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावणे म्हणूनच अवघड आहे.

आता नियम. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही राहत्या घरापासून 500 मीटरच्या आत पवनचक्की उभारू नये. ‘कोणत्याही’ हा शब्द महत्त्वाचा. अंतर गावठाणापासून नव्हे, शेतातल्या एकट्या घरापासूनही मोजायचे. दुसरीकडे, ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल आहे.

साधे गणित करून पाहा. मोठ्या पवनचक्कीच्या उगमाशी 105 डेसिबल धरले, तर 500 मीटरवर साधारण 43 उरतात. मर्यादेत बसले! पण तितक्याच अंतरावर दुसरी उभी राहिली की 3 डेसिबल वाढतात आणि रात्रीची मर्यादा ओलांडली जाते. 500 मीटरचा नियम एका यंत्रासाठी ठीक, रांगेसाठी अपुरा.

कागदावरच्या अडचणी आणखी आहेत. नियम 7 प्रमाणे तक्रार करायला आवाज मर्यादेपेक्षा किमान 10 डेसिबल जास्त लागतो, म्हणजे रात्री 55. शिवाय मोजमाप सरासरीचे, त्यामुळे ठेका त्यात हरवतो. आणि 2016 पासून पवनऊर्जा प्रदूषण मंडळाच्या ‘पांढऱ्या’ गटात आहे. उद्योगाने मंडळाला कळवले की पुरते, संमतीपत्र लागत नाही. स्वच्छ ऊर्जेला सवलत द्यावी, पण धूर नाही म्हणून आवाजही नाही असे धरून चालणे चुकीचे आहे.

आरोग्याचे काय? हेल्थ कॅनडाने 1,238 जणांच्या पाहणीचे निष्कर्ष 2014 मध्ये मांडले. आजार किंवा झोपमोडीशी थेट संबंध दिसला नाही, पण आवाज वाढेल तशी चीड वाढते हे स्पष्ट दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2018 मध्ये दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून 45 डेसिबलची शिफारस केली. रात्रीसाठी वेगळा आकडा द्यायला पुरावा कमी पडला. (पवनचक्कीमुळे पाऊस पळतो, ही आपल्याकडची समजूत मात्र निराधार आहे. तक्रारीत ती घातली की खरा मुद्दाही हसण्यावारी जातो.)

तक्रार करायची तर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि घरापासूनचे अंतर वहीत लिहून ठेवा. मोबाइलवरच्या डेसिबल अॅपवर विसंबू नका, माइकवर आदळणारा वाराच त्यात मोजला जातो. लेखी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि महाऊर्जाला पाठवा, आणि रात्रीच्या वेळी मोजणीची मागणी करा. मनोरा अजून उभा राहायचा असेल, तर ग्रामसभेत आधी एकच कागद मागा : प्रत्येक घरापासूनचे अंतर दाखवणारा नकाशा.