टँकर उलटला, वायू सुटला; तज्ज्ञांची टीम येईपर्यंत काय करायचं?

७ मे २०२० ची पहाट, साधारण तीनची वेळ. आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमजवळच्या आर. आर. वेंकटापुरम गावात लोक झोपेतच गुदमरू लागले. शेजारच्या कारखान्याच्या टाकीतून स्टायरीन वायू सुटला होता. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद, पण टाकीतला माल तसाच. तो तापत गेला. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरला. १२ जणांचा जीव गेला.

तेव्हा एनडीआरएफची खास टीम विमानानं नेली, ती आपल्या पुण्यातून. तळेगावजवळ सुदुंबरे इथं एनडीआरएफची ५ वी बटालियन आहे. पुरात, दरडीत दिसतात तेच हे जवान. पण काहींना रासायनिक, जैविक आणि किरणोत्सारी धोक्यांचं वेगळं प्रशिक्षण असतं. पाठीवर हवेचं सिलिंडर, अंगावर पूर्ण बंद सूट आणि त्यातच व्हॉल्व्ह बंद करायचा सराव. गळती थांबवल्यावर माणसं आणि सामान धुऊन काढायचं, हेही शिकवतात.

मात्र पहिला धडा वेगळाच: सुटलंय काय, ते आधी ओळखा. आग दिसली की पाणी मारायचं, हे इथं चालत नाही. काही रसायनांवर पाणी पडलं तर प्रकरण आणखी भडकतं.

हे ओळखायला गावकऱ्यांची मोठी मदत होऊ शकते. धोकादायक माल नेणाऱ्या टँकरच्या मागे आणि दोन्ही बाजूंना फलक असतो. त्यावर रसायनाचं नाव, चार आकडी नंबर आणि आणीबाणीचा फोन नंबर लिहिलेला असतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ अमोनिया, १०७५ एलपीजी. लांबूनच मोबाइलवर झूम करून नंबर दिसला, तर ११२ ला फोन करून तो सांगा. दिसला नाही तर राहू द्या, त्यासाठी जवळ जाऊ नका. टँकर उलटला की कॅन घेऊन धावणारे असतातच. त्यांना आधी अडवा.

वारा कुठून येतोय ते बघा. वायू ज्या दिशेनं वाहतोय तिकडे न पळता वाऱ्याच्या आडव्या बाजूनं बाहेर पडा. नाकातोंडावर ओला रुमाल धरा. ओढ्यात, खड्ड्यात लपू नका. क्लोरीन तिथंच साचतो. एलपीजी असेल तर गाडीला स्टार्टर मारू नका, विडी-काडीही नको. वाट मोकळी असेल तर गोठ्यातली दावी सोडा, पण जनावरांसाठी वायूत परत शिरू नका.