पन्नास फ्रेमचा मारिओ

दरवर्षी पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूला कावेरीच्या काठावर शेकडो गायक-वादक समोरासमोर बसतात आणि त्यागराजांच्या पंचरत्न कृती एका सुरात म्हणतात. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री, अशा या पाच रागांतल्या पाच कृती. इतक्या जणांना एकत्र म्हणायचं तर सगळ्यांचा पाठ आधी एक व्हावा लागतो, आणि त्यागराजांच्या बाबतीत तो मुळात एक नव्हता. १८४७ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या रचना शिष्यांच्या गळ्यांत आणि वह्यांत विखुरलेल्या होत्या. वालाजापेट, उमयाळपुरम आणि तिल्लैस्थानम ही तीन शिष्यघराणी, आणि तिघांच्या पाठांत फरक. वालाजापेटच्या वह्या आज मदुरैच्या सौराष्ट्र सभेत आहेत. तिरुवैयारूपासून दहा-बारा किलोमीटरवर तंजावरला त्या काळातला मोठा संग्राहक राजा बसला होता. सरफोजी दुसरे. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं आहेत, मोडी कागद आहेत, युरोपातून मागवलेली पुस्तकं आहेत. तरीही त्यागराजांचं गाणं टिकलं ते मुख्यतः शिष्यांमुळे. समाधीची देखभाल होत नव्हती, तेव्हा तिच्यावर मंदिर बांधून घेतलं बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कलावंतिणीने. १९२० च्या दशकात तिथली प्रतिष्ठा झाली. वारसा जपायला राजा किंवा मालक लागतोच असं नाही, तो वापरणारेही जपतात, एवढं या गावाच्या इतिहासावरून निश्चित म्हणता येतं.

नव्वदच्या दशकात तंजावर जिल्ह्यापासून विदर्भापर्यंत, टीव्हीला वायर जोडून मुलं जे व्हिडिओ गेम खेळली, त्यांच्या बाबतीतही वारसा कोणी जपायचा हा प्रश्न आज उभा आहे. ती पिढी आता चाळिशीत आहे आणि ‘आमच्या लहानपणी कॉन्ट्रा होता’ हे वाक्य उसासा टाकून म्हटलं जातं. माझा मुद्दा असा की या आठवणीतला गेम कंपनीच्या तिजोरीत नाही. तो निराळा पाठ आहे, नकली यंत्रांवर आणि नकली कॅसेटींवर तयार झालेला, आणि जपायचा असेल तर तोच जपला पाहिजे.

हे नुसतं भावनेने म्हणत नाही, त्यामागे यंत्राचा हिशेब आहे. निन्टेन्डोने फॅमिकॉम हे यंत्र जुलै १९८३ मध्ये जपानात आणलं. जपानी आणि अमेरिकी टीव्हीवर चित्र सेकंदाला साठ वेळा उमटत असे. आपला रंगीत टीव्ही १९८२ पासून पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला पन्नास. आपल्या बाजारात आलेली बहुतेक यंत्रं निन्टेन्डोची नव्हती. ती फॅमिकॉमची नक्कल होती, आणि पाल टीव्हीसाठी बनलेल्या अशा नकलांमध्ये तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपा सर्रास असत. या चिपांची करामत अशी की जपानी गेम त्यांच्यावर न अडखळता चालायचा, पण साठऐवजी पन्नास फ्रेमने. गेमच्या आतलं घड्याळ फ्रेम मोजून चालतं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्या स्टेजला वर ४०० हा आकडा दिसतो आणि दर चोवीस फ्रेमला तो एकाने उतरतो. एकूण ९,६०० फ्रेम झाल्या. जपानी मुलाला त्या १६० सेकंद पुरायच्या, आपल्याकडच्या मुलाला १९२. त्या एका स्टेजला बत्तीस सेकंद जास्त, शिवाय समोरून येणारं कासव आणि खाली दिसणारा खड्डा दोन्ही सावकाश येणार. म्हणजे आपला मारिओ सोपा होता. हे मान्य करायला काहींना जड जाईल.

संगीताची गंमत आणखी वेगळी. युरोपात निन्टेन्डोने स्वतः विकलेल्या पाल यंत्रात लयही मंदावली आणि मुख्य चिपेची गती घटल्यामुळे सूरही खाली आला. तैवानी नकलेत चिपेची गती जवळजवळ जपानीच राहिली, त्यामुळे पट्टी ऐकून कळणार नाही इतकीच सरकली आणि लय तेवढी एक षष्ठांशाने उतरली. कोजी कोन्दो यांनी १९८५ मध्ये मारिओसाठी बांधलेली धून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ मध्ये राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत घेतली. तो मान मिळालेलं ते पहिलं व्हिडिओ गेमचं संगीत. पण तिथे नोंदलं गेलं ते द्रुत लयीतलं. त्याच सुरांतलं, एक पायरी संथ गाणं ज्यांच्या कानात बसलं आहे, त्यांचा पाठ कुठल्याही सूचीत नाही. स्वर तेच आणि कालप्रमाण निराळं असेल तर कर्नाटक संगीताचा अभ्यासक त्याला चूक म्हणून मोकळा होत नाही, कोणाच्या परंपरेतून आलं ते आधी विचारतो.

आता कॅसेटी पाहा. त्यांना कार्ट्रिज कोणी म्हणत नसे. पिवळ्या किंवा काळ्या प्लॅस्टिकची कॅसेट, वर भलत्याच सिनेमाचं चित्र, खाली ‘९९९९९९९ इन वन’ असा दावा. आत गेम मोजकेच. मग यादी फुगवायची कशी? तोच गेम दुसऱ्या स्टेजपासून सुरू करून त्याला नवा क्रमांक द्यायचा, तीस लाइफ देऊन आणखी एक क्रमांक, मारिओची उडी वाढवून आणखी एक. या प्रकारच्या एका प्रसिद्ध कॅसेटच्या यादीमागे समुद्रकिनारा आणि उडणारे पक्षी दिसतात आणि ‘अनचेन्ड मेलडी’ या अमेरिकी गाण्याची धून वाजते. हे काम करणाऱ्यांची नावं पडद्यावर नाहीत. पुष्कळदा मूळ कंपनीचं नावही पुसलेलं असे. पण ते निव्वळ नकलाकार नव्हते, संपादकही होते. दुसऱ्याच्या रचनेचे तुकडे पाडून त्यांनी नव्या क्रमाने मांडले, आणि पुष्कळ मुलांनी सातवी स्टेज पहिलीच्या आधी पाहिली ती त्यामुळेच. कॅसेट उघडली तर आत छापील पट्टीवर डांबरासारखा एक काळा थेंब दिसतो, चिप त्याच्याखाली. ती काढून बदलता येत नाही. थेंबाखालची चिप गेली की तो पाठ गेला. कॅसेट चालेनाशी झाली की मुलं तिला फुंकर मारत, आणि ती चालायची ती फुंकरीने नव्हे तर काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. तोंडातल्या ओलाव्याने पट्टी उलट गंजतच होती.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. ही चोरी होती, आणि चोरीच्या मालाचा वारसा कसला? चोरी होती, यात शंका नाही. १९८४ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणकीय प्रोग्रॅमला वाङ्मयीन कृतीचा दर्जा आला, आणि नव्वदच्या दशकात त्या कॅसेटी विकणं तेवढंच बेकायदा होतं जेवढी पुस्तकाची चोरटी आवृत्ती. परंतु निन्टेन्डो तेव्हा आपल्या बाजारात स्वतः दुकान मांडून नव्हती. अधिकृत वस्तू जिथे सहज मिळतच नव्हती, तिथे चोरटी वस्तू हाच त्या काळच्या बालपणाचा उपलब्ध पुरावा आहे. इतिहास लिहिणाऱ्याने पुरावा जपायचा असतो, त्याचं समर्थन करायचं नसतं. त्या खरेदी-विक्रीला माफी मिळावी, असं मी म्हणत नाही. मागणी एवढीच की त्या वस्तूची प्रत अभ्यासासाठी शिल्लक राहावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कंपन्या आपले जुने गेम पुन्हा विकतातच की, मग वेगळं जपायचं काय? कॉन्ट्राचं उदाहरण घ्या. कोनामीने तो १९८७ मध्ये आर्केडसाठी काढला, १९८८ मध्ये घरगुती यंत्रासाठी. जपानी घरगुती आवृत्तीत झाडं हलतात, बर्फ पडतो, स्टेजच्या मध्ये नकाशा येतो. अमेरिकी आवृत्तीत यातलं काही नाही. युरोपात तर सैनिकांच्या जागी यंत्रमानव आले आणि नावही ‘प्रोबोटेक्टर’ झालं. २०१९ च्या संग्रहात कोनामीने जपानी आणि अमेरिकी दोन्ही पाठ दिले, हे चांगलंच केलं. मात्र युरोपी गतीने पळणारे अमेरिकी सैनिक, हा आपल्याकडचा संकर, कोणत्याही अधिकृत संग्रहात नाही आणि कंपनीने तो द्यावा अशी अपेक्षाही चूक. शिवाय पुनर्विक्रीवर फार विसंबता येत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये तपासलं तेव्हा २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नव्हते. जिथे कंपन्यांचा व्यवसाय होता तिथली ही अवस्था.

आणि प्रोग्रॅमची प्रत ठेवली म्हणजे सगळं राहिलं असंही नाही. बदकं मारायच्या ‘डक हंट’ची बंदूक घ्या. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला संवेदक तो उजेड टिपतो. गोळी वगैरे काही नसते, बंदूकच पडद्याकडे पाहत असते. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं. आजचा सपाट टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतो, तेवढ्यात बंदूक आंधळी होते. म्हणून गेमबरोबर यंत्र, टीव्ही आणि ते दुरुस्त करणाऱ्याचं कसब हेही जपावं लागतं. स्वराला दिलेलं आंदोलन, म्हणजे गमक, जसं नुसत्या स्वरलिपीत सापडत नाही.

त्यागराज आणि मारिओ एका ओळीत बसवणं अनेकांना खटकेल. रचनेच्या थोरवीची तुलना इथे नाहीच. थोरवी हा निकष लावला असता तर सरस्वती महालात दरबारातले रोजच्या खर्चाचे मोडी कागद उरले नसते, आणि तंजावरच्या मराठ्यांबद्दल आपल्याला आज जे कळतं त्यातलं पुष्कळसं त्या कागदांतूनच कळतं. सरफोजींच्या नावावरची ‘देवेंद्र कुरवंजी’ ही भूगोल सांगणारी मराठी नाट्यकृतीही करमणुकीच्या साच्यातलीच आहे.

कायद्याची वाट अरुंद आहे, पण बंद नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. त्या कायद्याला पुस्तकं आणि नियतकालिकं माहीत आहेत, गेम माहीत नाहीत. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीत मात्र अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, हाती आधीच बिगर-डिजिटल प्रत असेल तर, जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक नक्कल करायची मुभा आहे. कॅसेटमधला प्रोग्रॅम त्यात बसतो का हे तपासावं लागेल, पण त्याआधी कोणीतरी त्या पिवळ्या कॅसेटी ग्रंथालयात दाखल करून घ्यायला हव्यात, आतल्या प्रोग्रॅमबरोबर वरच्या खोट्या लेबलासकट, यादीतल्या सगळ्या पुनरुक्तींसकट. चेन्नईचं कोनेमारा असो की मुंबईची एशियाटिक सोसायटी, दाखल नोंदवहीत ‘संपादक अज्ञात’ असं लिहायला दोघांनाही हरकत नसावी.