रद्दीत गेलेला खेळांचा इतिहास

व्हिडिओ गेमची छापील मासिकं का बंद पडली, असं विचारलं तर बहुतेक जण इंटरनेटकडे बोट दाखवतात. ते चूक नाही, पण इंटरनेटने नेमकं काय हिरावून घेतलं हे उज्जैनसारख्या शहरात उभं राहून पाहिलं की जास्त स्पष्ट दिसतं. २००१ साली 'डिजिट' हे इंग्रजी मासिक सुरू झालं. त्याच प्रकाशकांनी पुढे खेळांसाठी 'स्कोअर' काढलं. या अंकांसोबत सीडी यायची, नंतर डीव्हीडी आली. तिच्यात नव्या खेळांचे नमुने असत, खेळांतल्या चुका दुरुस्त करणारे पॅच असत, ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर असत. त्या काळात ५६ केबीपीएसच्या डायल-अपवर एक भरलेली सीडी उतरवायची म्हटली, तर वेग जराही कमी न होता जवळजवळ २८ तास लागले असते, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडला असता. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं ते २५६ केबीपीएसचं. त्यावरही एका डीव्हीडीला ४० तासांहून जास्त वेळ लागे. मुंबई-पुण्यात सायबर कॅफे आणि मित्रमंडळींची देवाणघेवाण मोठी होती. माळव्यातल्या मध्यम शहरात मात्र अंकाची किंमत मोजणाऱ्या घराला कागदाइतकीच त्या चकतीची गरज होती.

म्हणजे या मासिकांचा खप हा निव्वळ लेखनाचा खप नव्हता. अमेरिकेतही हेच घडत होतं. १९९१ साली सुरू झालेल्या 'गेम इन्फॉर्मर'चा खप एके काळी ७० लाखांच्या वर गेला होता. पण हे मासिक गेमस्टॉप या दुकानांच्या साखळीचं होतं, आणि दुकानाचं सभासदत्व घेतलं की अंक त्यासोबत येई. लोक डिस्क घ्यायला दुकानात जात होते तोवर खपाचा आकडा फुगत राहिला. खेळ थेट तारेवरून घरात येऊ लागले, दुकानं ओस पडली आणि आकडा ओसरला. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि सोबतच्या डीव्हीडीला काही अर्थ उरला नाही. जाहिरातदार तर आधीच वेबसाइटकडे वळू लागले होते. तेव्हा मासिकांचा खप घसरला यावरून 'खेळांवरचं गंभीर लेखन लोकांना नको होतं' असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण त्या आकड्यांनी ते कधी मोजलंच नव्हतं. १९८६ साली निघालेलं जपानचं 'फामित्सू' आणि १९९३ सालचं ब्रिटनचं 'एज' आजही छापलं जातं. 'फामित्सू'मध्ये चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि एकूण चाळीसपैकी निकाल लागतो. अशा अंकाला वाचक जोडलेला असतो तो त्याच्या मतामुळे. फुकटची चकती थांबल्याने असा वाचक सुटत नाही.

खरं नुकसान वेगळं आहे, आणि त्याची चर्चा फार थोडी होते. छापील अंक हा तारखेसह केलेला, नंतर बदलता न येणारा निवाडा होता. अमुक महिन्यात अमुक खेळ असा होता, त्याची किंमत ही, त्याच्यातला हा दोष. २ ऑगस्ट २०२४ रोजी 'गेम इन्फॉर्मर' अचानक बंद झालं आणि त्याच दिवशी त्याची वेबसाइटही गेली. तिथला सगळा मजकूर नाहीसा होऊन त्या जागी निरोपाचं एकच पान उरलं. ३३ वर्षांच्या कामातलं जे शिल्लक राहिलं ते लोकांच्या घरातल्या कपाटांत, कागदावर. मार्च २०२५ मध्ये नव्या मालकाने मासिक पुन्हा सुरू केलं, जुना मजकूरही परत आला, हे सुदैव. पण मधल्या सात महिन्यांनी दाखवलं की संकेतस्थळावरचा इतिहास मालकाच्या एका निर्णयावर टांगलेला असतो.

मोबाइलवरच्या खेळांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी तीव्र होतो. १९९० च्या दशकातला कॅसेटवरचा खेळ आजही यंत्रात घालून जसाच्या तसा खेळता येतो. 'पबजी मोबाइल' भारतात २०१८ मध्ये आला, २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो 'बीजीएमआय' होऊन परतला, २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. या सगळ्या काळात तो दर काही आठवड्यांनी बदलत होता. उज्जैनच्या फ्रीगंजातल्या एखाद्या मुलाने २०१८ मध्ये जो खेळ खेळला, तो आता जगात कुणालाच खेळता येणार नाही, कारण त्याचे सर्व्हर तसे राहिलेले नाहीत. खेळ स्वतः टिकेनासा झाला, तेव्हाच त्याची लेखी नोंद सर्वांत गरजेची होती. नेमक्या त्याच वर्षांत ती नोंद ठेवणारी मासिकं संपत आली.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. ती मासिकं इंग्रजीत होती. मराठीत व्हिडिओ गेमचं दखल घेण्याजोगं मासिक उभंच राहिलं नाही. उज्जैनमध्ये घरात मराठी आणि गल्लीत हिंदी-माळवी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी समीक्षा जेमतेम कळत असणार. आज तोच मुलगा हिंदीतल्या यूट्यूब चॅनेलवर खेळ प्रत्यक्ष चालताना पाहतो, प्रश्न विचारतो, वाद घालतो. ही मोठी कमाई आहे आणि ती नाकारून जुन्या मासिकांचं गुणगान करणं अन्यायाचं होईल. पण व्हिडिओने प्रेक्षक वाढवले तरी नोंद वाढवली नाही. चॅनेल बंद झालं, खातं गेलं, प्रायोजकाशी बिनसलं की व्हिडिओ काढून टाकता येतो, आणि तो होता याचा पुरावाही मागे राहत नाही. दुसरा आक्षेप असा की मासिकंही जाहिरातदारांच्या मुठीत होती. शंका रास्त आहे. तरी छापील अंकात जाहिरात कुठल्या पानावर आणि स्तुती कुठल्या पानावर हे वीस वर्षांनीही मोजून दाखवता येतं. समाजमाध्यमांवरच्या सशुल्क शिफारशींवर तसा उल्लेख हवा, अशी नियमावली जाहिरात मानक परिषदेला २०२१ मध्ये काढावी लागली. तिथे स्तुती आणि जाहिरात यांतली सीमा किती पुसट झाली होती, हे त्यावरूनच कळतं.

अंक आता स्कॅन होऊन मिळतात, मग चिंता कशाची, असंही म्हटलं जातं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जानेवारी २०२५ मध्ये १,५०० हून अधिक जुने अंक शोधता येतील असे खुले केले, हे काम फार मोलाचं आहे. पण त्यात भर अमेरिकी अंकांवर आहे आणि तसं असणं साहजिकच आहे. आपले अंक कुणी जपायचे? १९५४ च्या कायद्यानुसार छापील पुस्तकाच्या प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांत पाठवाव्या लागतात. १९५६ मध्ये वृत्तपत्रांचाही त्यात समावेश झाला. पण हा कायदा छापील कागदाचा आहे, आणि सोबतच्या चकतीवर काय होतं हा तर या मासिकांचा अर्धा इतिहास.

उज्जैनला अशा कामाची परंपरा आहे. १९३१ साली ग्वाल्हेर संस्थानाच्या काळात सुरू झालेल्या सिंधिया प्राच्यविद्या संस्थेत हजारो हस्तलिखितं आहेत. त्यांतल्या कितीतरी पोथ्यांना मूळ घरांत नंतर कुणी वाचक उरला नसणार, आणि तरी त्या वाचल्या त्या कुणीतरी गोळा केल्या म्हणून. पोथी आणि गेमचं मासिक यांची तोलामोलाची गोष्ट इथे नाही. रोजच्या वापरातली वस्तू मोलाची ठरेपर्यंत तिच्या बहुतेक प्रती गेलेल्या असतात, एवढाच मुद्दा आहे. मराठीत याचं चांगलं उदाहरण 'किशोर'चं. १९७१ पासूनचे अंक बालभारतीने स्कॅन करून सगळ्यांना मोफत खुले केले. प्रकाशक सरकारी होता, अंक जपलेले होते, म्हणून हे जमलं. खासगी मासिकांसाठी हे काम विद्यापीठांच्या ग्रंथालयांना हाती घ्यावं लागेल. उज्जैन आणि इंदूरच्या घरांत पोटमाळ्यावर पडलेले 'डिजिट' आणि 'स्कोअर'चे अंक मागवता येतील, पण चकत्यांची नक्कल आधी करायला हवी. कागद अजून काही दशकं तग धरेल. घरी लिहिलेली नव्हे, कारखान्यात छापलेली सीडीसुद्धा दमट पोटमाळ्यावर खराब होते, आणि ती वाचणारा ड्राइव्ह नव्या लॅपटॉपांतून जवळजवळ गेलाच आहे.