साय जाड म्हणजे दूध चांगलं? आधी साय येते कशी ते बघा

हिंजवडी : आयटी पार्क आला, टॉवर उभे राहिले, तरी माण, मारुंजी, नेरे पट्ट्यात दुभती जनावरं आहेत आणि रतीबही चालू आहे. रतीब म्हटलं की एक तक्रार ठरलेली. "काल बोटभर साय होती, आज नुसता पापुद्रा. पाणी घातलं का?" कधी ती खरी असते, कधी गवळ्यावर उगाच आळ येतो.

साय म्हणजे नुसती चरबी नव्हे. तिला धरून ठेवणारं जाळं प्रथिनांचं असतं. दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी उरतं, त्यात काही प्रथिनं असतात. दूध साधारण ७० अंशांच्या पुढे तापलं की ती उलगडतात आणि एकमेकांना, तसंच पनीर ज्याचं बनतं त्या केसीनलाही चिकटतात. वरच्या थरातलं पाणी वाफ होऊन उडत असतं, त्यामुळे तिथे हे मिश्रण दाट होतं. हलकी असल्याने वर आलेली चरबी त्यात अडकते. झाली साय.

दूध उतू जातं तेही यामुळेच. खालून येणाऱ्या वाफेला वर साय आडवी येते, बुडबुडे फुटत नाहीत, फेस चढत जातो. पाणी असं उतू जात नाही.

जाड साय हवी तर दूध मंद आचेवर तापवा, सारखं ढवळू नका आणि गरम असताना घट्ट झाकण ठेवू नका. जाळीचं झाकण बरं. तेच दूध भर आचेवर घाईत उकळून झाकलं तर साय पातळ येईल. मग यात गवळ्याचा काय दोष?

आता पिशवीचं दूध. टोन्ड दुधात चरबी ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६ टक्के. पण पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' लिहिलं असेल, तर मोठ्या दाबाने चरबीचे कण फोडून इतके बारीक केलेले असतात की ते सहज वर येत नाहीत. मग चरबी पूर्ण असूनही साय बेताची येते. आपल्याकडे लोक त्याला 'पावडरचं दूध' म्हणून मोकळे होतात, ते काही बरोबर नाही.

गोठ्यातल्या दुधातही फरक पडतो. गाईपेक्षा म्हशीच्या दुधात चरबी जास्त. एकाच म्हशीच्या पहिल्या धारेपेक्षा शेवटच्या धारेला फॅट जास्त लागते. कॅन न ढवळता वरवरचं मापलं, तर पहिल्या घराला साय जास्त आणि शेवटच्या घराला कमी.

मग पाणी ओळखायचं कसं? नुसत्या लॅक्टोमीटरवरही जाऊ नका. पाणी घातलं की रीडिंग उतरतं, पण साय काढली की ते चढतं. म्हणजे आधी साय काढून मग पाणी घातलं तर काटा बरोबर दिसू शकतो! शिवाय ताजं, कोमट दूध मोजलं तर चांगल्या दुधाचंही रीडिंग कमी येतं. म्हणूनच संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ दोन्ही बघून भाव देतात. शंका असेल तर रतिबाचं कच्चं दूध नीट ढवळून, थोडं बाटलीत भरून जवळच्या केंद्रावर न्या आणि दोन्ही आकडे विचारा. गवळी सोबत असेल तर उत्तमच, भांडण तिथेच मिटेल.